तेलुगू बंद केल्याने सव्वादोन वर्षांचा मुलगा लवकर बोलेल का?

अशोक चौकातली आई

सर्वांना नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरी सगळे तेलुगू बोलतात. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्यामुळे मला दोन्ही भाषा सारख्याच जवळच्या आहेत. आमचा मुलगा आता सव्वादोन वर्षांचा आहे आणि तो बोलत नाही.

त्याचा जन्म ३३ व्या आठवड्यात झाला. तेव्हा त्याचे वजन पावणेदोन किलो होते, कावीळही झाली होती आणि १८ दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवले होते. महिना पुरा होण्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली, ती चांगली आली. कानांची तपासणी झाली होती की नाही, हे मला आता आठवत नाही. तो दहाव्या महिन्यात आधाराशिवाय बसला आणि सतराव्या महिन्यात चालू लागला. भांडे पडले की दचकतो, मागाचा आवाज सुरू झाला की खिडकीकडे पळतो, त्यामुळे त्याला ऐकू येते असेच आम्ही धरून चाललो आहोत.

दोन महिन्यांपूर्वी एका बालवाडीत चौकशीला गेले होते. तिथल्या बाईंनी सांगितले की घरात दोन-तीन भाषा असल्यामुळे मुलाचा गोंधळ होतो आहे, तेलुगू पूर्ण बंद करा आणि फक्त मराठीत बोला. आम्ही ते मनावर घेतले. माझ्या सासूबाईंना तेलुगूखेरीज दुसरी भाषा नीट येत नाही. त्या दिवसभर विड्या वळतात आणि मुलगा त्यांच्याच आसपास असतो. आता नातू जवळ आला की त्या ओठ मिटून घेतात आणि नुसते डोक्यावरून हात फिरवतात. मुलगा पूर्वी पाण्याला ‘नी’ म्हणायचा, म्हणजे तेलुगूतले ‘नीळ्ळु’. आम्ही त्याला प्रत्येक वेळी ‘पाणी म्हण, पाणी म्हण’ असे सांगत राहिलो. आता तो ‘नी’ही म्हणत नाही आणि ‘पाणी’ही म्हणत नाही. माझे बोट धरून माठापाशी नेतो आणि उभा राहतो.

यजमान यंत्रमागावर पाळीने कामाला जातात. त्यांचे म्हणणे असे की मुलगे उशिराच बोलतात आणि त्यांचे काकाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. मला मात्र रात्री झोप येत नाही. भाषा बंद करणे बरोबर आहे का, अजून किती दिवस वाट पाहावी आणि दाखवायचे झाले तर सुरुवात कुठून करावी, हे कृपया कुणी सांगाल का?

बार्शीचा बाबा

ताई, भाषेविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही, ते जाणकार सांगतील. पण ‘वाट पाहावी का’ या प्रश्नाची किंमत मी मोजली आहे, म्हणून लिहितो.

माझी मुलगी सात महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती आणि मांडीवर घेतली की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ‘अशक्त आहे, हळूहळू भरेल’ असे सांगितले. मला तेच ऐकायचे होते, म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारले नाही. ती पंधरा महिन्यांची झाल्यावर सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याचे, निदान झाले. ते आठ महिने मी गप्प बसून काढले, ही गोष्ट आजही मला सोडत नाही. आज ती दुसरीत आहे, पायांना स्प्लिंट लावून चालते आणि वर्गात सर्वांत मोठ्या आवाजात पाढे म्हणते. तेव्हा उशीर झाला म्हणजे सगळे संपले, असेही समजू नका.

आम्हांला आठवड्यातून एकदा ७० किलोमीटर एसटीने सोलापूरला यावे लागे. त्या दिवशीची मजुरी बुडायची आणि प्रत्यक्ष व्यायाम मिळायचा तो चाळीस मिनिटे. पहिल्या दोन महिन्यांत मला वाटायचे की इतक्याने काय होणार. मग तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी स्पष्ट सांगितले, ‘मी तुमच्या मुलीला शिकवत नाही, तुम्हांला शिकवते आहे.’ त्या दिवसापासून घरचे वळण बदलले. सोलापुरी चादरीची घट्ट वळकटी करून आम्ही तिला त्यावर पालथे घालायचो आणि समोर पितळी वाटी ठेवायचो. वाटी बघायला तिला मान उचलावीच लागे. बायको भाकरीचे पीठ मळताना तिला दोन भिंतींच्या कोपऱ्यात टेकवून बसवायची आणि ज्वारीच्या पिठाचा गोळा तिच्या आखडलेल्या मुठीत द्यायची. बोटे उघडून तो दाबायला तिला पाच-पाच मिनिटे लागत. भाकऱ्या होईपर्यंत हेच चाले, वेगळा वेळ काढावा लागत नसे.

दोन गोष्टी पदरच्या अनुभवाने सांगतो. दवाखान्यात मूल रडते आणि घरी जे करते त्यातले काहीच करून दाखवत नाही, म्हणून घरातल्या साध्या वेळचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवा. आणि जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड शोधून त्यातली प्रत्येक ओळ कुणाकडून तरी वाचून घ्या. तुमच्या यजमानांनाही माझा नमस्कार सांगा. मीही तेच म्हणत होतो जे ते आज म्हणत आहेत, आणि मीही ते मुलीवरच्या प्रेमानेच म्हणत होतो.

वाचा-श्रवण तज्ज्ञ, जुळे सोलापूर

ताई, आधी भाषेचे उत्तर देते, कारण ते आजपासून अमलात आणता येईल. सासूबाईंना आजच सांगा की त्यांनी नातवाशी भरपूर तेलुगू बोलावे.

दोन किंवा तीन भाषा कानांवर पडल्यामुळे मुलाचे बोलणे मागे पडत नाही. ज्या मुलांच्या विकासाला खरोखरच विलंब झालेला असतो, त्यांनाही दोन भाषांचा अपाय होत नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत नांदतात. भाषांची संख्या हेच कारण असते तर इथली निम्मी मुले मुकी राहिली असती. मूल बोलायला शिकते ते त्याच्याशी मनापासून, सहज आणि दिवसातून शेकडो वेळा बोलणाऱ्या माणसांकडून. ज्या आजीच्या जवळ मुलाचा सर्वांत जास्त वेळ जातो, तिलाच तुम्ही गप्प केले. मुलाच्या कानांवर पडणारे निम्मे बोलणे त्या दिवशी बंद झाले. हे तुमचा दोष म्हणून सांगत नाही. असा सल्ला मी अनेक सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी मला तितकाच त्रास होतो.

‘नी’ हा शब्द आहे. एखादा आवाज मूल ठरावीक वस्तूसाठी पुन्हा पुन्हा वापरत असेल, तर तो अर्धवट असला तरी आम्ही त्याला शब्द म्हणतो. द्विभाषिक मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरायचे असतात. सासूबाईंना घेऊन बसा आणि गेल्या सहा महिन्यांत त्याने जे काही ठरवून म्हटले ते सगळे वहीत लिहा. गाडीचा आवाज, मांजरीला हाक, नको म्हणतानाचा हुंकार हेही लिहा. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द असावेत आणि त्याने दोन शब्द जोडायला सुरुवात केलेली असावी, अशी आमची अपेक्षा असते. त्याच्या खूप खाली असेल तर तपासणी लांबवू नये. आधी येणारा शब्द बोलायचा बंद झाला असेल, तर मुलाचे वय काहीही असो, ती गोष्ट तपासणाऱ्याला सर्वांत आधी सांगायची असते. तुमच्या बाबतीत त्याला तसे सबळ कारण दिसते, तरीही ती सांगाच.

चालण्याची काळजी सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांप्रमाणे निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याची मर्यादा सुमारे साडेसतरा महिन्यांपर्यंत जाते. शिवाय तुमचा मुलगा सात आठवडे लवकर जन्मलेला आहे आणि दोन वर्षांपर्यंतच्या टप्प्यांचा हिशेब करताना तेवढे आठवडे वयातून वजा करायचे असतात.

माझी खरी काळजी कानांची आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, अतिदक्षता विभागातला मुक्काम आणि कावीळ ही तिन्ही कारणे श्रवणदोषाचा धोका वाढवणारी आहेत. भांडे पडल्यावर दचकणे किंवा मागाच्या खडखडाटाकडे धावणे म्हणजे बोलणे ऐकू येणे नव्हे. मोठा आवाज आणि जमिनीची थरथर पुष्कळ मुलांना कळते, पण ‘स’, ‘त’, ‘क’ असे हलके आवाज निसटतात आणि शब्द त्यांच्यापर्यंत अर्धामुर्धा पोहोचतो. घरामागे माग चालू असेल तर तो अर्धा शब्दही गोंगाटात बुडतो. नवजात बाळाची कानांची जी पटकन होणारी चाचणी असते, तिला ओएई म्हणतात. तिच्यात कानाच्या आतल्या पेशींचा प्रतिसाद कळतो, पण तिथून पुढे मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे काम कळत नाही. म्हणून पेटीत राहिलेल्या मुलांची, त्या नसेचे काम पाहणारी बेरा ही चाचणी करावी लागते. ती झोपेत होते आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचे औषध देतात, म्हणून तारीख मिळाली की त्या सकाळी त्याला लवकर उठवा आणि वाटेत रिक्षात झोपू देऊ नका. मधल्या कानात पाणी साचले आहे का, हे पाहणारी आणखी एक सोपी चाचणी आहे. ती त्याच भेटीत करून मागा.

कानांच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट पाहायची आहे. त्याला विमान दिसले तर तो बोट दाखवून तुमच्याकडे बघतो का, हाक मारली की वळतो का आणि हातवारे न करता ‘चप्पल आण’ म्हटले तर आणतो का? तुम्ही लिहिले आहे की तो तुमचे बोट धरून माठापाशी नेतो. नेताना तो तुमच्या चेहऱ्याकडे बघतो की फक्त हात ओढतो, हे दोन दिवस बारकाईने बघा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, ऑटिझमची (म्हणजे इतरांशी संवाद साधण्यातल्या वेगळेपणाची) शंका आहे का हे पाहणारी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली असते. ती बालरोगतज्ज्ञांकडून भरून घ्या, कारण तुमचा मुलगा अजून त्या वयात बसतो. तिच्यातून निदान होत नाही. पुढे सविस्तर तपासायचे का, इतकेच तिच्यातून ठरते.

जाण्याचा मार्ग असा. सिव्हिल हॉस्पिटलच्या बालरोग विभागात केसपेपर काढा, डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि कान-नाक-घसा विभागाकडे पाठवण्याची विनंती करा. तिथेच जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राविषयीही विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या रचनेत या केंद्रावर बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, अशी योजना आहे आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवर तिथे मुख्य भर असतो. तिथली सेवा मोफत असते आणि ती सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. पुष्कळ पालक ‘शिक्का बसेल’ या भीतीने येतच नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. पुढे कधी ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता यांपैकी काही निघालेच, तर प्रमाणपत्राच्या आधारे राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. पण तो विचार आज करू नका.

घरी ‘म्हण, म्हण’ हे पूर्ण थांबवा. तो माठापाशी नेईल तेव्हा त्याच्या उंचीला येऊन बसा, पेला हातात घ्या आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत काही न बोलता त्याच्याकडे बघत थांबा. त्याने ‘नी’ म्हटले, नुसता ओठ हलवला किंवा पेल्याकडे बोट केले, तरी लगेच पाणी द्या आणि देताना सासूबाईंना म्हणू द्या, ‘नीळ्ळु कावाला? नीळ्ळु.’ काहीच केले नाही तरी पाणी द्याच. तहानलेल्या मुलाला अडवून ठेवून भाषा येत नाही. बोलताना हाताच्या अंतरावर असा, माग चालू असेल तर दुसऱ्या खोलीत जा. मोबाइल या वयात जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना तो मुळीच द्यायचा नसतो आणि दोन ते पाच वयात दिवसाला कमाल एक तास. विड्या वळताना तंबाखूची धूळ उडते, म्हणून तेवढा वेळ त्याला सुपापासून दूर ठेवा आणि विड्या कारखान्यात देऊन आल्यावरचा अर्धा तास आजी-नातवाचा ठेवा.

मंगळवेढेकर

सगळे इतके घाबरवत आहात म्हणून लिहितो. माझा भाचा साडेतीन वर्षांपर्यंत एक अक्षर बोलला नाही आणि आज तो वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसे आणतो. काही मुले निसर्गतःच सावकाश असतात, त्यांना त्यांच्या गतीने वाढू द्यावे.

वाचा-श्रवण तज्ज्ञ, जुळे सोलापूर

तुमचा भाचा बोलला याचा आनंद आहे. उशिरा बोलणारी बरीच मुले आपोआप बरोबरीला येतात, हे खरे आहे. पण कोणते मूल येईल आणि कोणते नाही, हे दोन वर्षांच्या वयात नुसते बघून मला सांगता येत नाही, आणि माझे आयुष्य याच कामात गेले आहे. जे मूल आपोआप बोलले असते, त्याची तपासणी केली तर एक सकाळ खर्च होते. ज्याला ऐकू येत नव्हते त्याची वाट पाहिली, तर भाषा रुजण्याची वर्षे जातात. जन्मजात श्रवणदोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावा, असे आमच्या शास्त्रात सांगतात ते याच कारणाने.

अंगणवाडी सेविका, दक्षिण सोलापूर

ताई, तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मुलाचे नाव नोंदवलेले आहे का ते आधी पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या राज्यातल्या पालघर येथूनच सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, मुलांना तपासते आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी देते. ती चिठ्ठी हातात असली की पुढच्या ठिकाणी कुठून आलात आणि कशासाठी आलात, हे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही. पथक येऊन गेले असेल तरी थांबू नका, सेविकेकडे किंवा आशाताईंकडे नाव द्या.

मला एक गोष्ट सांगायची आहे. पथक येते त्या दिवशी ज्या घरातले मूल बघायला हवे असते, त्याच घरातून बहुधा निरोप येतो की बाळ झोपले आहे. मी स्वतः जाऊन दार वाजवते. आई उंबऱ्यात उभी राहते आणि मागे आतल्या खोलीत मूल जागे असल्याचा आवाज येत असतो. तिला तपासणीची भीती नसते. सासरचे काय म्हणतील, धाकट्या नणंदेचे लग्न जमेल का, याची भीती असते. २०२३ च्या नोव्हेंबरात अंगणवाडीतल्या दिव्यांग बालकांसाठी केंद्राची कार्यपद्धती आली आणि त्यानंतरच्या मार्चमध्ये ‘नवचेतना’ आराखडा आला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी महिनावार १४० खेळ-कृती आहेत आणि बहुतेक घरातल्या वाटी-चमच्यावर होणाऱ्या आहेत. त्या कोणत्याही मुलासोबत करता येतात. म्हणून मी दारात उभ्या असलेल्या आईला ‘तपासायला आणा’ असे म्हणत नाही, ‘खेळायला आणा’ म्हणते. तेवढ्या शब्दाने दार उघडते.

अशोक चौकातली आई

दोन महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. बार्शीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे डिस्चार्ज कार्ड शोधले. त्याच्या मागच्या बाजूला कानांच्या रकान्यात ‘पुन्हा तपासणी’ असे लिहिलेले होते. ते आम्हांला कुणी वाचून दाखवले नव्हते आणि आम्हीही पाहिले नव्हते.

बेरा झाली. नस चांगली आहे. मात्र दोन्ही मधल्या कानांत पाणी आहे आणि त्यामुळे त्याला कमी ऐकू येते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासतील आणि पाणी तसेच राहिले तर बारीक नळी बसवण्याचा निर्णय घेतील. एम-चॅटमध्ये काही उत्तरे शंकेची आली होती, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एकेक प्रश्न उदाहरणे देऊन पुन्हा विचारला तेव्हा तूर्त काळजीचे कारण दिसले नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणार आहेत. दर आठवड्याला एकदा वाचा-उपचारासाठी जातो. मागच्या दोन वेळा यजमान रात्रपाळी करून तसेच आले होते.

सासूबाईंबरोबर बसून शब्द मोजले. मला चारच आठवत होते, त्यांनी अकरा सांगितले. मांजरीला तो ‘रा’ म्हणतो, म्हणजे ‘ये’, हे मला माहीतच नव्हते, कारण मांजर दुपारी येते आणि तेव्हा मी कामावर असते. ‘नी’ परत यायला तीन आठवडे लागले. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा सासूबाईंच्या हातात पान आणि कातरी होती. त्यांनी ते तसेच सुपात टाकले आणि पळत माठाकडे गेल्या.

एक विचारायचे राहिले. पुढच्या तपासणीची तारीख गड्डा यात्रेच्या आठवड्यात येते आहे आणि तेव्हा घरी पाहुणे असतात. ती पुढे ढकलली तर चालेल का?

वाचा-श्रवण तज्ज्ञ, जुळे सोलापूर

यात्रेनंतरची तारीख घ्या, आठ दिवसांनी काही बिघडत नाही. फक्त तेव्हा त्याला सर्दी झालेली असेल तर आधी कळवा, कारण सर्दीत मधल्या कानात नवे पाणी येते आणि जुने गेले होते की नाही ते कळत नाही. येताना सासूबाईंना घेऊन या आणि अकरा शब्दांची वहीही आणा.